बाथरूमची बुरशी: आधी पाणी कुणाचं ते शोधा

मी मूळची सोलापूरची. आमच्याकडे अंघोळ झाली की मोरी अर्ध्या तासात खडखडीत वाळते, आणि पावसाळ्यातही टॉवेल दुपारपर्यंत पापडासारखा कडक होतो. त्यामुळे मुंबईतल्या पहिल्या जुलैत बाथरूमच्या छतावर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले तेव्हा मला वाटलं, आधीच्या भाडेकरूंनी डास मारलेले दिसतायत. आठवड्याभरात ठिपक्यांचे डाग झाले आणि डागांचा नकाशा. घरमालकांनी रंगारी पाठवला. त्याने ओल्या छतावरच पांढऱ्या रंगाचा हात मारला, चहा घेतला आणि गेला. गणपतीच्या आधी नकाशा जसाच्या तसा परत.

तेव्हापासून आता तिसरं भाड्याचं घर चाललंय. या तीन घरांत एक गोष्ट पक्की कळली: घासणं हे शेवटचं काम आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते कुणालाच संपवता येत नाहीत. साबणाचा थर, अंगाचा मळ, रंगातला चिकटा हे त्यांचं खाणं बाथरूममध्ये भरपूर असतंच. आपल्या हातात असतं ते फक्त पाणी. एखादी जागा सलग एक-दोन दिवस ओली राहिली की बुरशी धरायला लागते. तेव्हा ते पाणी तुमच्या अंघोळीचं आहे, वरच्या मजल्याचं आहे की पावसाचं, हे आधी शोधा. ते कळलं की कुणी घासायचं आणि कुणी पैसे द्यायचे याचा निम्मा निकाल लागतो.

घर बघायला जाल तेव्हा

एप्रिल-मेमध्ये घर बघणं म्हणजे नवरीला मेकअपमध्ये बघणं. सगळं कोरडं, रंग नवा, एजंट घाईत. बाथरूममध्ये गेल्यावर नळ सोडून बघण्याआधी मान वर करा. वरच्या घराचा नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या लादीतलं पाणी जिथून खाली जातं ती जाळीखालची जागा, तुमच्या डोक्यावरच कुठेतरी असतो. त्याच्या आसपास रंगाला फोड, पिवळी कडा असलेले डाग किंवा फक्त तेवढ्याच चौकोनात नवा रंग दिसला, तर एजंटला नाही, शेजाऱ्यांना विचारा: "पावसाळ्यात या लाइनला लिकेज असतं का हो?" शेजारच्या काकू खरं सांगतात. कधी कधी गरजेपेक्षा जास्तच सांगतात.

मग दाराचा खालचा भाग बघा. प्लायचं दार खालून फुगलेलं, पापुद्रे सुटलेलं असेल तर तिथे पाणी साचत आलंय. बाथरूमच्या भिंतीला लागून पलीकडे बेडरूममध्ये कपाट असेल तर ते उघडून आत नाक घाला. कुबट वास डांबराच्या गोळ्यांनी झाकता येतो, पण घरात चार-पाच महिने कुणी राहत नसताना कपाटात एवढ्या गोळ्या का, हाही प्रश्नच आहे.

शेवटी खिडकी. मुंबईतल्या बहुतेक इमारतींत बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या बोळात उघडते आणि डक्ट म्हणजे कबुतरांचं गाव. म्हणून लोक लूव्हरच्या काचा कायमच्या बंद करतात, काही जण तर वरून थर्माकोल आणि चिकटपट्टी लावतात. कबुतरं थांबतात, वाफही आतच थांबते. अशी बंद केलेली खिडकी दिसली तर करार करण्याआधीच मालकांकडून जाळी लावून घ्या. एक्झॉस्ट फॅन असेल तर चालू करून त्याच्यासमोर टिश्यू पेपर धरा. कागद जाळीला चिकटून राहिला तर फॅन काम करतोय. नुसताच घरघरत असेल तर तो शोभेचा आहे.

चावी हातात मिळेल त्या दिवशी, सामान आत येण्याआधी, बाथरूमचा व्हिडिओ काढा: छत, चारही कोपरे, दार, सिंकच्या खाली. तो त्याच दिवशी मालकांना पाठवून द्या. याचा उपयोग पुढे होणार आहे.

हे नक्की आहे तरी काय?

डाग दिसला की लगेच ब्लीच आणायला पळू नका. आधी त्यावर थोडं पाणी शिंपडा. भिंतीवर पांढरा, कापसासारखा भुगा असेल आणि तो पाण्यात विरघळून दिसेनासा झाला, तर तो लोणा. भिंतीतून पाणी बाहेर येताना सिमेंट-विटांमधले क्षार घेऊन येतं आणि वाळल्यावर ते क्षार मागे उरतात. लोणा स्वतः निरुपद्रवी आहे, पण तो सांगतो की पाणी भिंतीच्या आतून येतंय. पाणी मारूनही डाग तसाच राहिला, बोटाला बुळबुळीत लागला, तर बुरशी.

नळाच्या आणि बादलीच्या कडेला गुलाबी-नारिंगी चिकट थर येतो तो बुरशी नसून बहुतेकदा जिवाणू असतात. साबणाने घासलं की जातो, पुन्हा येतो, पुन्हा घासायचा. नळांवरचे पांढरे खडबडीत डाग म्हणजे जड पाण्याचे क्षार. महापालिकेचं सात तलावांचं पाणी त्या मानाने मऊ आहे. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर हे डाग लवकर धरतात.

आणि एक गोष्ट, कारण माझ्या आईने फोनवर पहिली हीच शंका काढली होती. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्या 'काळ्या बुरशी'ने लोक दगावले तो म्युकरमायकोसिस. बाथरूमच्या सांध्यांतली काळी बुरशी ती नव्हे. तो आजार वेगळ्या बुरशांमुळे होतो आणि प्रामुख्याने आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा फार कमी झालेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना गाठतो. बाथरूमच्या बुरशीने होतो तो त्रास शिंकांचा, नाक चोंदण्याचा, डोळे चुरचुरण्याचा आणि दमा असेल तर दमा वाढण्याचा. घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा केमोथेरपी चाललेलं कुणी असेल तर हे काम लांबवू नका, आणि त्यांना साफसफाईच्या वेळी घरात ठेवू नका.

पाणी कुणाचं?

डाग कुठे आहे आणि कधी वाढतो, या दोन गोष्टी आठवडाभर बघितल्या की बरंच कळतं. मी चक्क कॅलेंडरवर खुणा करत होते. माझी रूममेट हसायची, पण शेवटी त्या खुणांमुळेच काम झालं.

टाइल्सच्या सांध्यांत, शॉवरच्या आसपास, दारामागे, छताच्या चारही कडांना सारखे विखुरलेले ठिपके असतील तर ती वाफ आहे. म्हणजे तुमचंच पाणी. छतावर एकाच ठिकाणी गोल डाग असेल, त्याची कडा पिवळसर असेल आणि सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, वरच्यांच्या अंघोळी चालू असताना, तो गडद होत असेल तर ते वरच्या मजल्याचं. बाहेरच्या भिंतीला ओल आणि तीही मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांनी वाढणारी असेल तर ते पावसाचं, म्हणजे इमारतीच्या प्लास्टरचं किंवा बाहेरून जाणाऱ्या पाइपांचं. पाऊस असो नसो, अंघोळ असो नसो, भिंतीचा एक पट्टा सतत गार आणि ओला असेल तर आतली पाण्याची लाइन फुटलेली असू शकते.

शंका असेल तर फॉइलची युक्ती करा. डागाच्या शेजारी भिंत पुसून घ्या, वीतभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. फॉइलच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ते खोलीतल्या हवेतलं. काढल्यावर आतली, भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. याहून सोपी परीक्षा म्हणजे गणपतीला गावी जाणं. चार दिवस बाथरूम वापरलंच नाही आणि परत आल्यावर डाग तितकाच ओला असेल, तर दोष तुमच्या अंघोळीचा नाही.

वरच्या मजल्याबद्दल खात्री करायची तर प्लंबर त्यांच्या नहाणी ट्रॅपला बूच लावून बाथरूममध्ये इंच-दोन इंच पाणी साठवतो आणि २४ तास ठेवतो. खाली डाग वाढला तर त्यांचं वॉटरप्रूफिंग गेलंय. त्यासाठी अर्थातच वरचे लोक तयार हवेत, आणि इथून खरी गंमत सुरू होते.

मालक, सोसायटी आणि वरचे

वरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आमच्याकडे तर काहीच लिकेज नाही!" ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या लादीखालून जाणारं पाणी त्यांना दिसणार कसं? म्हणून एकटं वर जाऊन बेल वाजवू नका. तुम्ही भाड्याने राहता, सोसायटीचे सभासद नाही. सोसायटीला पत्र तुमच्या घरमालकांनी द्यायचं असतं. तुम्ही सेक्रेटरींना भेटा, फोटो दाखवा, पण लेखी तक्रार मालकांच्या नावाने जाऊ द्या.

खर्चाची वाटणी साधारण अशी पडते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या त्या फ्लॅटधारकाने.

तुमचं आणि मालकांचं नातं कागदावर काय आहे तेही बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे वाचून उड्या मारू नका. हा हक्क 'भाडेकरू'चा आहे. जुन्या पागडीच्या घरात राहणाऱ्यांना तो लागू पडतो. आपण बहुतेक जण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे तर मालकाच्या परवानगीने राहणारे असतो आणि तिथे करारात जे लिहिलंय तेच चालतं. किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची, मोठी मालकाची, असं बऱ्याच करारांत असतं. 'मोठी' म्हणजे काय ते मात्र कुणी लिहीत नाही. सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या: गळती, ओल आणि वॉटरप्रूफिंग मालकाकडे. करार नोंदवलेला असणं कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "नोटरी करू, चालतं" म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका.

भाडं परस्पर कापणं हा माझ्या मते शेवटचा उपाय, कारण डिपॉझिट त्यांच्याकडे असतं. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ, तारखेसह लिहा. मी असं लिहिलं होतं:

"नमस्कार काका. बाथरूमच्या छताला नहाणीच्या बाजूला ओल आहे, ५ जुलैपासून वाढते आहे. सोबत ५, ९ आणि १४ तारखेचे फोटो. आम्ही घर सोडून गेलो होतो ते तीन दिवसही ओल तशीच होती, त्यामुळे वरून पाणी येत असावं असं वाटतं. आपण सोसायटीला पत्र दिलंत तर प्लंबर आला की मी घरी थांबेन. रंग आत्ता नको, आधी गळती बघू या."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नाहीतर पुन्हा तोच रंगारी येतो.

घासायचा दिवस

पाणी तुमचंच निघालं, किंवा गळती बंद झाली, की मगच हे. डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल, प्लास्टर भुसभुशीत झालं असेल किंवा घरात दमेकरी असेल तर माणूस बोलवा. बाकी रविवार सकाळचं काम आहे.

रबरी हातमोजे, एन-९५ मास्क आणि डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल, साधा चष्मा पुरत नाही. गिझरचं मेन बटण बंद. टॉवेल, ब्रश, कपडे सगळं बाहेर. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू.

कोरडी बुरशी कधीही खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी पाणी मारून ओली करा. मग भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन सगळे सांधे घासा. ही पायरी लोक गाळतात आणि मग ब्लीचला शिव्या घालतात. ब्लीच आधी साबणाच्या मळावरच खर्ची पडतं, बुरशीपर्यंत पोचतच नाही. नुसत्या साबणाने निम्मे डाग जातात, हा माझा अनुभव आहे. घासून झालं की भरपूर पाण्याने धुऊन टाका.

उरलेल्या काळ्या रेघांसाठी ब्लीच, म्हणजे रिन आलासारखं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. एक लिटर थंड पाण्यात साधारण ६० मिली, म्हणजे चार मोठे चमचे. गरम पाणी नको, त्याने ब्लीचचा जोर जातो. उभ्या भिंतीवर द्रावण ओघळून जातं म्हणून टिश्यू पेपरच्या पट्ट्या त्यात भिजवून सांध्यांवर चिकटवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, काढा, धुवा. छतासाठी फडका पिळून घ्या आणि पुसा. वर स्प्रे मारू नका, थेंब डोळ्यांत येतात. तयार द्रावण उद्यासाठी ठेवू नका, त्यातला दम निघून जातो.

आता नीट ऐका. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. टॉयलेटसाठीच्या नेहमीच्या हार्पिकमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते, किंवा सुट्टं मिळणारं बाथरूमचं अ‍ॅसिड, किंवा अगदी व्हिनेगर ब्लीचला भेटलं की क्लोरिन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काचा पुसायच्या लिक्विडने वेगळा, पण तसाच घातक वायू होतो. मुंबईचं बाथरूम चार बाय सहाचं, दार बंद, आणि आपण आत वाकून घासतोय: फुप्फुसं भाजायला तेवढं पुरतं. सकाळी कमोडला हार्पिक टाकलं असेल तर आधी दोन-तीनदा फ्लश करा, ब्लीच दुसऱ्या दिवशी काढा. कधी चुकून घशात झणका आलाच तर आवरत बसू नका, बाहेर पडा.

ब्लीच नको असेल तर पांढरं व्हिनेगर पाणी न घालता मारून तासभर ठेवता येतं. पण जुन्या घरांत कडाप्पा, कोटा किंवा संगमरवर असतो, त्यावर व्हिनेगर नाही. आम्ल हे दगड खातं आणि डाग कायमचा बसतो. सांध्यांतलं व्हाइट सिमेंटही रोजच्या अ‍ॅसिडने झिजतं, मग त्या खड्ड्यांत बुरशी आणखी आरामात राहते. बाई अ‍ॅसिड टाकून "चकाचक" करून देत असतील तर त्यांना थांबवा. त्यांच्या फुप्फुसांसाठीही.

जिथे घासून भागत नाही

सिंकच्या कडेचं सिलिकॉन आतून काळं पडलं असेल तर ते घासून पांढरं होत नाही, बुरशी त्याच्या आत वाढलेली असते. कटरने कापून काढा, जागा पूर्ण वाळवा, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका. एकच बाथरूम असलेल्या घरात हे चोवीस तास काढणं हीच खरी परीक्षा. शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवा.

टाइल्सचे सांधे पोकळ झाले असतील तर जुनं व्हाइट सिमेंट खरवडून एपॉक्सी ग्राउट भरून घेता येतं. ते महाग पडतं पण पाणी पीत नाही. मालकांना विचारून करा, आणि खर्च कुणाचा तेही त्याच मेसेजमध्ये ठरवा.

छताच्या रंगाचं काम मात्र पावसाळ्यात काढूच नका. ओल्या प्लास्टरवर कुठलाही महागडा रंग टिकत नाही. तोवर आठवड्याला एकदा पुसत राहा. ऑक्टोबरच्या उन्हात छत वाळलं की पापुद्रे खरवडून, बुरशीरोधक प्रायमर लावून, मग रंग.

रोजचं

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत बाहेरच्या हवेतच ८०-९० टक्के आर्द्रता असते. "खिडकी उघडी ठेवा" हा सल्ला तेव्हा निम्माच कामाचा, कारण बाहेरची हवाही ओलीच. म्हणून पाणी वाळण्याची वाट बघू नका, हाताने काढा. अंघोळ झाली की वायपर आधी भिंतींवर फिरवा, मग लादीवर. एक मिनिट लागतं. सगळ्या उपायांत सगळ्यात जास्त फरक मला यानेच पडला. मग एक्झॉस्ट वीस-तीस मिनिटं चालू आणि बाथरूमचं दार जरा उघडं. दार घट्ट बंद असेल तर फॅन हवा ओढणार कुठून? एक्झॉस्टच नसेल तर खोलीतला पंखा लावून दार सताड उघडं ठेवा. बेडरूमला एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर, बाथरूमचं दार उघडून.

पाण्याची वेळ ठरलेली असल्याने पिंप आणि बादल्या बाथरूममध्ये भरून ठेवाव्या लागतात. त्यांना झाकण हवं, आणि पिंप भिंतीला चिकटवून नको, मागे चार बोटं जागा सोडा. ओले कपडे बाथरूममधल्या दोरीवर वाळत घालू नका. ते वाळत नाहीत आणि त्यांचं पाणी छताला जातं. कापूर आणि डांबराच्या गोळ्यांनी वास बदलतो, एवढंच.

घर सोडताना

नोटीस दिलीत की महिनाभर आधी बाथरूम एकदा नीट घासून घ्या, शेवटच्या दिवशी नाही. मग चावी घेतली त्या दिवशीचा व्हिडिओ काढून बघा आणि त्याच कोनांतून नवा व्हिडिओ करा. डिपॉझिटमधून "बाथरूमच्या रंगाचे" म्हणून पैसे कापले जाणार असतील तर हे दोन व्हिडिओ आणि जुलैतले ते तारखांचे मेसेज पुढे ठेवा. माझ्या दुसऱ्या घराचे मालक ते बघून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वरच्यांना मी किती वेळा सांगितलं होतं." डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. वरच्यांचा नहाणी ट्रॅप अजून तसाच आहे, असं शेजारच्या काकू सांगतात.